आधी हे

मंगळवारी सकाळी पुण्याच्या मुख्य ऑफिसातून जो मेल आला, त्याला जोडलेल्या यादीत बुद्धप्रियाचं नाव होतं आणि नावापुढच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘कधीच नाही’. मेल तसा रुक्षच होता. कंपनी पंप विकायची, आणि पंपांच्या तक्रारी सगळ्या शाखांच्या एका सामायिक फोल्डरमध्ये येऊन पडायच्या. ते फोल्डर जो तो आपापल्या सोयीनं लावून बघत असे. कुणी तारखेनं, कुणी विक्रेत्याच्या नावानं, कुणी रंग देऊन. अशा लावणीला सगळे व्ह्यू म्हणत. आपला व्ह्यू दुसऱ्याशी शेअरही करता यायचा, म्हणजे मग त्या दुसऱ्यालाही ते फोल्डर आपल्याला दिसतं तसंच दिसे. मुख्य ऑफिसात संगणकांचं काम बघणाऱ्या दिग्विजयनं कळवलं होतं की असे शेकडो व्ह्यू साचलेत, शुक्रवारी संध्याकाळी ते सगळे काढून टाकले जातील, सोमवारपासून कंपनीचा एकच व्ह्यू राहील, आणि कुणाला काही राखायचं असेल तर गुरुवारपर्यंत सांगावं. सोबत यादी. व्ह्यूचं नाव, बनवणारा कोण, शेअर कुणाशी केला, त्यानं शेवटचा केव्हा उघडला. चौदाव्या ओळीत होतं: तक्रारी-म. बनवणारा मल्लिकार्जुन, हुबळी शाखा. शेअर बुद्धप्रिया, सोलापूर शाखा. आणि मग ते दोन शब्द.

तिनं यादी मिटली आणि पुन्हा उघडली. खिडकीखाली सात रस्त्यावर रोजच्यासारखे हॉर्न वाजत होते, एप्रिलचं ऊन समोरच्या दुकानांच्या पत्र्यांवर साडेदहालाच चढलं होतं. शाखाप्रमुख बसवेश साहेबांनी आपल्या काचेच्या खोलीतून मान बाहेर काढून म्हटलं, “मॅडम, मल्लूचा व्ह्यू तुम्ही बघितलाच नाही काय? वर्ष झालं की त्याला हुबळीला जाऊन.” त्यांच्या मनात काही नव्हतं, ते लगेच फोनवर कुणाशी तरी केबलच्या भावाबद्दल बोलायला लागले. पण तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बंद कपाटात ठेवलेलं काहीतरी कुणीतरी चारचौघांत काढून टेबलावर ठेवावं तसं तिला झालं. आणि त्याहून वाईट म्हणजे, ही यादी अकरा शाखांना गेली होती. हुबळीलाही.

तो गेला तो दिवस तिला नको इतका लख्ख आठवत होता. मागच्या मे महिन्याचा शेवटचा शनिवार. मल्लिकार्जुन तिच्या समोरच्या टेबलावर सात वर्षं बसला होता. अक्कलकोटकडचा माणूस, घरी कन्नड, ऑफिसात मराठी. आईशी फोनवर बोलताना त्याचा आवाज इतका मऊ व्हायचा की शब्द कळत नसूनही तिला ते ऐकणं आवडायचं. डब्यात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. भाकरी मोडताना तो आवाज होऊ नये म्हणून ती रुमालात धरून मोडायचा, आणि न विचारता अर्धी तिच्या झाकणात ठेवायचा. सात वर्षं. बदलीची ऑर्डर आली तेव्हा दोघांनीही ती वाचली आणि दोघंही कामाला लागले. त्या शनिवारी पेढे झाले, शाल झाली, फोटो झाला. सगळे पांगल्यावर तो तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. हातात रिकामा डबा. ती खुर्चीतून उठली. आता तो काहीतरी बोलणार हे तिला इतकं ठाऊक होतं, की तिनं टेबलाची कड घट्ट धरली होती. तो म्हणाला, “मॅडम, माझा व्ह्यू तुम्हाला शेअर केलाय. वेळ मिळाला की बघा.” ती पुढच्या वाक्यासाठी थांबली. तो पण थांबला. मग शिपाई लाईट मालवायला आला आणि तो जिना उतरून गेला.

व्ह्यू. सात वर्षांच्या शेवटाला व्ह्यू. चार्ज देतात तसा. किल्ल्या घ्या, शिक्का घ्या, फायली मोजून घ्या. त्या रात्री आईनं वाढलेलं तिला गिळेना. सोमवारी आल्यावर फोल्डरच्या वरच्या पट्टीत तिच्या व्ह्यूखाली ‘तक्रारी-म’ हे नवं नाव आलेलं दिसलं, आणि तिनं ठरवलं, नाही बघायचा. मी काय त्याच्या हाताखाली शिकलेली आहे, की त्यानं जाता जाता शिकवून जावं? राग हळूहळू ओसरला तरी न बघण्याची सवय उरली. रोज सकाळी यादी खाली ओढताना बाण त्या नावावरून जायचा. कधीकधी तिथे क्षणभर थांबायचा. मग वर यायचा. दिवाळीत त्याचा साधा शुभेच्छांचा मेसेज आला, सगळ्यांना आला तसाच. फेब्रुवारीत लग्नाची पत्रिका आली. ऑफिसातले सगळे दोन गाड्या करून गेले. तिनं आईच्या बीपीचं कारण सांगितलं. त्या रविवारी ती घरात एकेक भांडं काढून घासत बसली होती, आणि आई, जिनं हल्ली स्थळांचं नाव काढणं सोडलं होतं, दारातून बघत राहिली आणि काही न विचारता आत गेली.

आईला कधीतरी सांगावं असं तिच्या मनात येऊन गेलं होतं. पण सांगायचं काय? काही घडलेलंच नव्हतं. बुद्धप्रिया हे नाव ऐकलं की समोरच्याला घर कळतं, वस्ती कळते, भिंतीवरचे फोटो कळतात. मल्लिकार्जुन म्हटलं की त्याचंही तसंच. दोन्ही घरांत काय होईल हे दोघांनाही न बोलता माहीत होतं, आणि ते तसं माहीत असल्यामुळेच बहुधा बोलणं पुढे पुढे ढकललं गेलं. घडलं म्हणावं असं एकदाच. चार वर्षांपूर्वी, असाच उन्हाळा. उजनीचं पाणी मागे हटत चाललं होतं आणि केमच्या पलीकडच्या एका गावातून जोतीराम नावाच्या शेतकऱ्याच्या सात तक्रारी आल्या होत्या, सगळ्या एकच: मोटर चालू हाय, पानी न्हाय. विक्रेता मोटर चांगली आहे म्हणत होता. शेवटी बसवेश साहेबांनी दोघांना जीप देऊन पाठवलं. काठावर गेल्यावर दिसलं की पाणी रोज हातभर मागे जात होतं आणि पाईपचं तोंड चिखलात उघडं पडत होतं. भेगाळलेल्या गाळावरून त्यांनी, जोतीरामनं आणि त्याच्या पोरांनी मिळून पाईप पुढे ओढला. धरणात बुडालेल्या जुन्या रस्त्याचा तुकडा तिथे पाण्याबाहेर आला होता, आणि मल्लिकार्जुन त्यावर उभा राहून, कपाळावर हात धरून काठाकाठानं दूरवर बघत म्हणाला होता, “आपण तक्रारी तारखेनं लावतो, मॅडम. या माणसानं सात वेळा सांगितलं. सातही वेळा तो आपल्याला नवीनच वाटला.” मग जोतीरामची बायको रंभाबाई केळीच्या बागेतून आली. तिनं दोघांकडे पाहिलं, घाम पुसला आणि म्हणाली, “जोडीनं आलाय, उपाशी जाऊ नगा. दोन घास खावा की.” त्यानं दुरुस्त केलं नाही. तिनंही नाही. दोघं शेजारी शेजारी बसून जेवले, रंभाबाईनं तिच्या ओटीत चार केळी घातली, आणि परतताना टेंभुर्णी येईपर्यंत जीपमध्ये कुणी एक शब्द बोललं नाही. ते न बोलणं तिला नंतर किती दिवस पुरलं होतं.

दुपारी बारा-चाळीसला, सगळे चहाला खाली गेल्यावर, तिनं ‘तक्रारी-म’ उघडला.

आधी तिला काही कळेचना. तारखेचा रकानाच नव्हता. इतकी वर्षं ती ज्या फोल्डरमध्ये वावरत होती, जिथे आजचं वर आणि कालचं खाली बुडत जायचं, ते तिच्या ओळखीचं फोल्डर नव्हतंच हे. इथे गावं होती. नदीच्या वरच्या अंगाकडून धरणाकडे, काठाकाठानं एकामागून एक, आणि प्रत्येक गावाखाली माणसं, आणि माणसाखाली त्याचं आजवरचं सगळं: पहिली तक्रार, आपलं उत्तर, दुसरी तक्रार, पुन्हा उत्तर. जोतीरामच्या नावाखाली त्या सात तक्रारी सलग उभ्या होत्या, कुणी दारात उभं राहून पुन्हा पुन्हा हाक मारावी तशा. पुढे मोटर बदलल्याचं होतं. मग दोन वर्षं काहीच नाही. मग मागच्या महिन्यात पोरानं पाठवलेली एक, खाली लिहिलेलं: वडील वारले, मोटर आता माझ्या नावावर करा. तो मेल तिनंच वाचला होता, तिनंच फॉर्म पाठवला होता. पण तेव्हा तो मेल मंगळवारच्या तेवीस मेलांपैकी एक होता. हा तो जोतीराम, हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. तिनं डोळ्यांवर हात ठेवले.

मग तिला हिरव्या ओळी दिसल्या. काळ्या ओळींत मधूनमधून काही ओळी हिरव्या होत्या, केळीच्या नव्या पानासारख्या पोपटी. तिनं एक उघडली. तिचं उत्तर. दुसरी उघडली. तिचंच. करमाळ्याच्या विक्रेत्याला, कंदरच्या बाईला, जोतीरामला. जिथे जिथे तिनं लिहिलेलं होतं, तेवढंच हिरवं. म्हणजे तो माझी उत्तरं तपासत होता. पहिल्या वर्षी तिनं एकदा चुकीच्या मापाचे सुटे भाग पाठवले होते आणि बसवेश साहेबांनी त्याला सांगितलं होतं, मॅडमचं जरा बघत जा. तर हा सात वर्षं बघतच राहिला होता. भाकरी अर्धी करून देणारा हा माणूस समोर बसून माझ्यावर रंग टाकून ठेवत होता. तिला तो व्ह्यू तिथल्या तिथे बंद करायचा होता. पण हात भलतीकडेच गेला. व्ह्यूच्या मांडणीत जाऊन तिनं रंगांचा नियम उघडला. अशा नियमाला नाव द्यावं लागतं. ज्याला जे सुचेल ते तो देतो, तातडीचे, थकलेले, पुणे. या नियमाला नाव दिलं होतं: ‘आधी हे’.

आधी हे. तिनं ते ओठ न हलवता पुन्हा वाचलं. तपासणारा माणूस असं नाव देत नाही. खाली नियम बनवल्याची तारीख होती. चार वर्षांपूर्वीची, मे महिन्याची. जोतीरामकडून आल्यानंतरचा सोमवार. म्हणजे बदलीच्या वेळी चार्ज द्यायचा म्हणून केलेलं ते काही नव्हतं. तीन वर्षं तिच्या समोर बसून, रोज सकाळी मशीन सुरू केल्यावर, सगळ्या तालुक्यांच्या बंद मोटरी आणि जळलेल्या वायंडिंगा वाचण्याआधी तो तिनं काल कुणाला काय लिहिलं ते वाचत होता. ती तिथेच असायची. चार हातांवर. केस पुसत, पंखा वाढवत, पाण्याची बाटली उघडत. मान वर करून बघितलं असतं तर दिसली असती. पण मान वर करून कितीदा बघणार? तिनं शेअरचा कप्पा उघडला. तिथे दोनच नावं होती, एकाखाली एक, रेशनकार्डावर असतात तशी: मल्लिकार्जुन, बुद्धप्रिया. ती त्या दोन नावांकडे बघत राहिली, आणि आपण वर्षभर कशावर रागावलो होतो हे कळल्यावर आता कुणावर रागवायचं ते तिला कळेना. चहाहून परतलेल्या माणसांचे जिन्यावर आवाज यायला लागले तेव्हा तिनं घाईनं आपला जुना व्ह्यू लावला, आणि सगळ्या तारखा परत आल्या.

बुधवारी तिनं काम केलं. म्हणजे हात चालत होते. मनात एकच हिशेबासारखं काहीतरी सुरू होतं, आणि ते कुठेच जाऊन पोचत नव्हतं. मेमध्ये उघडला असता तर. जूनमध्ये तरी. दिवाळीच्या त्या मेसेजच्या दिवशी उघडला असता तरी. मग काय केलं असतं? हुबळीला फोन केला असता, आणि काय म्हटलं असतं? तिला त्या फोनचं पहिलं वाक्यसुद्धा सुचेना, आणि तरीही तो फोन आपण केला असता याबद्दल तिला खात्री होती. घरी जाताना रिक्षात तिच्या लक्षात आलं की तिला त्याचा चेहरा नीट आठवत नाहीये. भाकरी मोडणारी बोटं आठवतात, आवाज आठवतो, पण चेहऱ्याच्या जागी लग्नाच्या पत्रिकेतला तो कुणीतरी नीट भांग पाडलेला माणूस येतो. शुक्रवारी हे सगळं उडणार. आणि जोतीरामच्या त्या सात हाका पुन्हा सात वेगवेगळ्या दिवसांत जाऊन बुडणार. निदान ते तरी नको.

गुरुवारी सकाळी तिनं दिग्विजयला फोन केला. तो तरुण, घाईघाईनं बोलणारा मुलगा होता, तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली की सोलापूर शाखेचा एक व्ह्यू राखावा, राखावा म्हणजे सगळ्याच शाखांना द्यावा. गाव, माणूस आणि त्याची सगळी हकिकत एका जागी. ती फोनवर असतानाच त्यानं तो उघडून बघितला, आणि त्याची घाई जरा कमी झाली.

“मॅडम, हे भारी आहे. हे कुणी केलं?”

“मल्लिकार्जुन सरांनी. आता हुबळीला आहेत.”

“सोमवारपासून हाच लावतो सगळीकडे. नाव काय देऊ?”

“गाववार,” ती म्हणाली.

“फक्त यात एक कलरचा रूल आहे,” तो म्हणाला. “एका युजरचीच मेल हायलाइट होतात. तुमचीच आहेत वाटतं. तो काढावा लागेल, सगळ्यांना कसा देणार? आणि तो मला इथून काढता येत नाही. ज्यानं बनवला त्यालाच काढायला सांगा. आज चारपर्यंत होईल का?”

होईल, असं ती म्हणाली. फोन ठेवल्यावर ती दोन ग्लास पाणी प्यायली. आता फोनचं पहिलं वाक्य मिळालं होतं. ते कामाचं वाक्य होतं, आणि त्यात चूक काहीच नव्हतं.

साडेतीनला तिनं व्ह्यू उघडून समोर ठेवला आणि हुबळीचा नंबर लावला. दोनच रिंगा गेल्या.

“बोला, मॅडम,” तो म्हणाला.

“सर, कामात आहात का?”

“नाही. बोला की.”

त्याच्या मागे कुठेतरी पत्र्यावर ठोकल्याचा आवाज येत होता. तिनं दिग्विजयचं सगळं सांगितलं. गाववार, सोमवार, अकरा शाखा. तो मध्ये न बोलता ऐकत होता. ती म्हणाली, “पण त्यात एक नियम आहे. तो असेपर्यंत सगळ्यांना देता येत नाही. आणि मला तो काढता येत नाही. तुम्हालाच काढता येईल.”

ठोकल्याचा आवाज थांबला. तो बहुधा दार लावून घेत असावा.

“बघितला तुम्ही,” तो म्हणाला.

“हो. मंगळवारी.”

“यादी आली तेव्हा मी जेवत होतो. कधीच नाही, असं वाचलं. मी समजलो होतो, मॅडम, की तुम्ही बघितला आणि गप्प बसलात. तेच उत्तर आहे असं धरलं. चुकीचं काही नाही त्यात, असं पण वाटलं. दिवाळीपर्यंत वाट बघितली. मग घरी हो म्हणालो.”

“मी रागात होते,” ती म्हणाली. आपला आवाज इतका साधा कसा येतोय याचं तिला नवल वाटलं. “जाताना तुम्ही एवढंच बोललात म्हणून.”

“दुसरं येत नव्हतं मला. मराठीत नाही, कन्नडमध्ये पण नाही.”

खिडकीखाली कुणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं. मग तिनं विचारलं, “हिरवाच का?”

“लाल तातडीच्या तक्रारींना असतो. निळा कंपनीनं घेतलेला,” तो म्हणाला. “काय उरतंय मग.”

ती हसली. तोही हसला, अगदी थोडं, नाकातून, जसा डबा उघडताना हसायचा. आणि त्या हसण्यासरशी तिला त्याचा चेहरा पूर्ण आठवला, डाव्या भुवईतल्या व्रणासकट.

“ती चांगली आहे, मॅडम,” तो म्हणाला. तिनं विचारलं नव्हतं.

“असणारच,” ती म्हणाली, आणि ते ती मनापासून म्हणाली.

“काढू का मग?”

पडद्यावर हिरव्या ओळी होत्या. नदीच्या वरच्या अंगापासून धरणापर्यंत, मधूनमधून.

“काढा,” ती म्हणाली.

त्याच्या बाजूला माऊसचा आवाज झाला. एकदा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदा.

“काढला. रिफ्रेश करून बघा.”

तिनं रिफ्रेश केलं नाही. केल्याशिवाय पडदा आहे तसाच राहतो हे तिला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. ती हिरव्या ओळींकडे बघत म्हणाली, “गेला.”

“बरं,” तो म्हणाला. “ठेवतो, मॅडम.” आणि लगेच ठेवला नाही. मग ठेवला.

चार वाजायला अजून दहा मिनिटं होती. तिनं दिग्विजयला एका ओळीचा मेल टाकला, की झालं आहे. मग खुर्ची पुढे ओढली आणि वरच्या पहिल्या गावापासून हिरवी ओळ न् ओळ उघडून वाचायला लागली. ती तिची वाक्यं होती, घाईत लिहिलेली, साडेपाचची बस धरायची म्हणून लिहिलेली. पाईपचं तोंड पाण्यात दीड हात खाली ठेवा. काळजी करू नका, माणूस परवा येईल. आईंची तब्येत आता कशी आहे, ते कळवा. हे आपण कधी लिहिलं होतं? तिला आठवत नव्हतं. कुणीतरी ते रोज सकाळी आधी वाचत असेल हे माहीत असतं तर आणखी नीट लिहिलं असतं का, की लिहिताच आलं नसतं, याचा तिनं विचार केला, आणि मग तो सोडून पुढची ओळ उघडली. बसवेश साहेब जाता जाता काहीतरी बोलले, तिनं मान हलवली. ऊन पत्र्यांवरून उतरून रस्त्यावर आलं. धरणाजवळच्या शेवटच्या गावाची शेवटची ओळ वाचून झाली तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. तिनं रिफ्रेशच्या बटणावर बोट ठेवलं, आणि दाबलं.

पडदा एकदा लवला. सगळ्या ओळी काळ्या झाल्या. त्यांतल्या आपल्या कुठल्या, हे आता तिलासुद्धा एकेक उघडूनच बघावं लागलं असतं.